इंग्लंडमधील जुन्या दगडी कोठारांची पाहणी कशी करावी

इंग्लंडच्या ग्रामीण भागातील जुने दगडी कोठार पाहताना नजर आधी छपराकडे जाते. पाहणीची सुरुवात मात्र दारे-झरोक्यांपासून करावी, कारण आत कोणते काम चालत असे, हे त्यांच्यावरूनच उलगडते. लांबीच्या दोन्ही भिंतींत समोरासमोर मोठी दारे असतील, तर मधली जागा खळ्याची समजावी: तेथे कणसे झोडपून मळणी होई आणि दोन्ही दारे उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर उफणणी होई. पुष्कळदा एक दार उंच, तर समोरचे बुटके असते. पेंढ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी उंच दारातून आत येई आणि रिकामी होऊन बुटक्या दारातून बाहेर पडे. भिंतींतील अरुंद उभ्या फटी पाहून अनेकांना किल्ल्याची आठवण होते, पण त्या केवळ साठवण हवेशीर राहावी म्हणून ठेवलेल्या असतात. आढ्याजवळच्या भिंतीतील लहानसे भोक घुबडासाठी असे, कारण उंदरांचा बंदोबस्त त्याच्याकडेच होता. बुजवलेले मोठे दार दिसल्यास त्याच्या कडा नीट तपासाव्यात. मळणीयंत्रे आल्यावर अनेक खळी निरुपयोगी झाली आणि त्यांची दारे बुजवली गेली.

त्यानंतर भिंत पाहावी. यॉर्कशर डेल्समधील शेतांत विखुरलेल्या, खाली गुरे आणि वर गवत ठेवण्याच्या कोठारांत दगडांचे दोन पदर असून त्यांना जोडणाऱ्या लांब दगडांची टोके ओळीने बाहेर डोकावतात. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड आढळतो. तेथील छपरावर वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या दगडी फरशा बसवतात.

तुलनेसाठी ऑक्सफर्डशरमधील ग्रेट कॉक्सवेलचे, साधारण १३०० च्या सुमाराचे कोठार आवर्जून पाहावे. ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंनी बांधलेल्या या सुमारे १५२ फूट लांबीच्या वास्तूचे छप्पर उंच दगडी बैठकांवर उभ्या केलेल्या ओकच्या खांबांनी पेलले आहे. धर्मकराचे, म्हणजे चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या हिश्शाचे, धान्य ठेवण्याचे कोठार, अशी ओळख प्रत्येक मोठ्या कोठाराला सर्रास चिकटवली जाते. हे मात्र मठाच्या स्वतःच्या शेतीचे होते.

शेवटी दगडांमधील सांधे पाहावेत. मूळ चुन्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते, तर नंतर भरलेल्या करड्या, टणक सिमेंटमुळे ती मऊ दगडात अडकते आणि दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात.