तोंडाचे शेक चालू असताना तोंड कसं जपावं, आणि दारू आधीच का थांबवावी

तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, ठरलं की डॉक्टरांना आधी खरं सांगा: पेशंट रोज किती पितो, शेवटची कधी घेतली. घरचे लाजेपोटी हे लपवतात आणि तिथेच घात होतो. रोज पिणाऱ्याने मनानेच एकदम दारू तोडली तर हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम झाला तर जिवावर बेततं. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या औषधांच्या आधाराने, शेक सुरू होण्याआधी.

दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. रेडिएशनही डीएनएच तोडतं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, पण तोंडातलं अस्तरही सोलवटतं. त्यावर दारू गेली की आग होते आणि जखमा भरायला वेळ लागतो. ‘दुखतंय, घेऊ दे थोडी’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना स्पष्ट नाही म्हणा. तंबाखू आणि मिश्रीही बंद.

त्यानंतर दाताच्या डॉक्टरांकडे जा. किडके दात काढायचे असतील तर शेकाआधी दोन आठवडे काढून घ्या. शेक घेतलेल्या जबड्यातला दात पुढे कधीही काढला तर हाड सडण्याची भीती असते. ही गोष्ट दहा वर्षांनीही दाताच्या डॉक्टरांना सांगायची.

शेक साधारण सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस असतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी हलक्या गुळण्या करा. बाजारातल्या बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, बाटलीवरचं वाचूनच घ्या.

तिखट, आंबट, कढत बंद. मऊ भात-वरण, अंडं, दूध, सातूचं पीठ चालेल. वजन दर आठवड्याला बघा: पेशंट वाळला की शेकावेळी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल होतो आणि शेक नेमक्या जागी बसत नाही. गिळताच येत नसेल तर नाकातून पोटात अन्न देण्याच्या नळीला घाबरू नका.

मानेच्या काळवंडलेल्या कातडीवर हळद, तेल, ब्लेड काही नको. बाहेरून मशिनने दिलेल्या शेकाचे किरण अंगात उरत नाहीत. नातवंडांना खुशाल जवळ बसू द्या.