संस्थानी काळातली पोलीसकथा लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेली हस्तलिखितं वाचणं हे माझं दर पावसाळ्यातलं काम. हल्ली जुन्या कोल्हापुरातल्या पोलीसकादंबऱ्यांची लाट आली आहे: बेचाळीसची चळवळ, महायुद्ध, भूमिगत पोरं आणि मधे एक खून. विषय झकास, चुका मात्र त्याच त्या. समासात तेच तेच लिहून कंटाळलो, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

पहिली चूक हद्दीची. १९४३ साली मुंबईहून सीआयडीचा इन्स्पेक्टर येतो, शुक्रवार पेठेतलं दार लाथेनं उघडतो आणि माणसाला बेड्या घालून घेऊन जातो. अहो, पण कोणाच्या हुकमानं? कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. तोवर इथले पोलीस दरबारचे आणि कोर्टही दरबारचं. इंग्रजांचा मुलूख म्हणजे 'खालसा'. खालशातल्या फौजदाराला इथला माणूस हवा असेल तर रेसिडेन्सी, म्हणजे संस्थानातल्या इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, आणि दरबार यांच्यात कागद हिंडणार, आणि तोवर माणूस पसार.

एका उत्साही पोरानं नायकाला कुंडलपासून कोल्हापूरपर्यंत पाठलाग करायला लावला होता, तोही मोटरसायकलवर. युद्धात पेट्रोल रेशनवर होतं, पण ते एक वेळ सोडून देऊ. मी म्हटलं, "नकाशा आण." तो म्हणाला, "सर, एवढं कोण बघतंय?" म्हटलं, "मी बघतोय की." मग पेन्सिलीनं रस्ता आखला. कुंडल औंध संस्थानात, तासगाव खालशात, पुढं सांगली संस्थान, मग मिरज, आणि हातकणंगल्याला आलं की कोल्हापूर. एका पाठलागात पाच राज्यं! नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या माणसांनी याच तुकड्या-तुकड्यांचा फायदा उठवला. औंधात तर त्यांना चांगलाच आसरा मिळायचा. म्हणजे भूमिगतांना जे कळलं होतं ते लेखकाला कळलं नव्हतं. पोरगं आठवडाभर रुसून बसलं. मग मोटरसायकल गेली, प्रेमप्रकरण गेलं, आणि फौजदार मिरजेच्या अलीकडं अडकून पडला. युद्ध किंवा चळवळ तपासाच्या आड येत नसेल तर ती नुसती पडद्यावर रंगवलेली आग. पहिल्या पानावर 'करेंगे या मरेंगे' लिहिलं की काळ उभा राहतो, हा समज डोक्यातून काढा.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ही जवळजवळ सगळेच करतात. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत हिंदुस्थानातली सरकारी वेळ तासभर पुढं होती. आज डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो; तेव्हाच्या घड्याळात त्या वेळी सात वाजलेले असणार. तुमचा खुनी मात्र डिसेंबर १९४३ मध्ये 'संध्याकाळी साडेसहाच्या मिट्ट काळोखात' रंकाळ्यावरून पळतो. उन्हं अजून उतरायची असताना काळोख कुठून आणला? वाईट याचं वाटतं की इथं फुकटचं रहस्य वाया जातं. गाडी स्टेशनच्या घड्याळानं सुटते, शेतातला साक्षीदार वेळ सांगतो उन्हावरून. त्या तासाभराच्या फटीत अख्खा खून लपवता येतो. पण त्यासाठी आधी बसून हिशेब करावा लागतो, आणि नव्या मंडळींना पहिल्या पावसात सुरू केलेली कादंबरी गणपतीच्या आत संपवायची असते.

बाकीच्या चुका भराभर. १९४३ साली गांधीनगरला कापड घ्यायला जाऊ नका. तिथं तेव्हा पोलिश निर्वासितांची वळिवडे छावणी होती, सिंधी मंडळी नंतर आली. त्या छावणीत जर्मन हेर घुसवायचा मोहही आवरा. सुमारे पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं, रशियातल्या हद्दपारीतून सुटून आलेली. त्यांच्याकडं हेरापेक्षा मोठ्या गोष्टी आहेत. मुंबईहून थेट गाडी नव्हती, पुण्याला उतरून मीटरगेज धरावी लागायची. ब्रॉडगेज कोल्हापूरला आली १९७१ मध्ये. चहाचे पैसे आण्यात द्या. आणि हवालदाराच्या तोंडी 'नाद खुळा' घालणाऱ्याचं हस्तलिखित मी तिथंच मिटतो.

ठशांबद्दल दोन्हीकडून चुकतात. कोणी म्हणतं तेव्हा ठसे नव्हतेच. होते, कलकत्त्याचं ठसे कार्यालय १८९७ सालचं. तर कोणाचा फौजदार काचेच्या पेल्यावरचा ठसा पाहून तासाभरात नाव सांगतो. अरे, आधी त्या माणसाचा ठसा दप्तरी असायला हवा ना!

पंचांकडं तर कोणाचंच लक्ष नसतं. घराची झडती घ्यायची तर त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, हे खालशातल्या १८९८ च्या फौजदारी संहितेतच आहे. आता ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरची जाळपोळ डोळ्यांसमोर आणा. गल्लीतलं घर जळालंय, जाळणारे कोण हे गल्लीला ठाऊक आहे, आणि जमादार कागद घेऊन दारोदार सही मागतोय. एकाचा हात दुखावलाय, दुसरा गावाला गेलाय, तिसऱ्याला चष्मा सापडत नाही. हे एवढं नीट लिहिलंत तरी पाठलागाची गरज उरत नाही.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. प्रत्येक प्रकरणाच्या वर पेन्सिलीनं तीन गोष्टी लिहून घेतो: हद्द कोणाची, घड्याळात किती, सही कोणाची. अडलं की नेटवरचे फोटो बघत बसण्यापेक्षा करवीर नगर वाचन मंदिरात जा, नाहीतर पुराभिलेखागारात अर्ज करा. वेळ लागतो. लागू दे.

आणि शेवटच्या पानावरची ती कबुली. खुनी फौजदारासमोर रडत सगळं सांगतो आणि कादंबरी संपते. खालशातल्या खटल्यात १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ आडवं येतं: पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. वकील त्याला हसत सोडवून नेईल. कलम २७ मात्र तुमच्या बाजूनं आहे. आरोपीच्या सांगण्यावरून हत्यार निघालं तर तेवढा भाग चालतो. तेव्हा तिसऱ्या प्रकरणातच कोयता विहिरीत टाकून ठेवा.