व्हिज्युअल स्टुडिओतला सी प्लस प्लस प्रोजेक्ट लिनक्सवर नेताना

अख्खं फोल्डर कॉपी करू नका. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फक्त सोर्स, हेडर आणि बिल्डच्या फाइल ठेवा. बिल्ड केल्यावर तयार होणारी डीबग, रिलीज ही फोल्डरं वगळा. लिनक्सवर बिल्डसाठी सीमेक वापरायचं, हे विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणारं बिल्डचं साधन. त्याची कॅश फाइल तर चुकूनही सोबत नेऊ नका. तिच्यात जुन्या जागेचे पूर्ण पाथ असतात, त्यामुळे नव्या मशीनवर सीमेक लगेच एरर देऊन थांबतं.

व्हिज्युअल स्टुडिओची सोल्यूशन फाइल (प्रोजेक्टची मुख्य फाइल) सीमेकसाठी आपोआप बदलून देणारी साधनं मिळतात, पण सीमेकची फाइल हाताने लिहिलेलीच बरी. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधले इन्क्लूड पाथ, प्रीप्रोसेसर डेफिनिशन्स आणि लिंकरच्या लायब्ररी एकेक करून तिच्यात उतरवा. डीबग आणि रिलीजची सेटिंग वेगळी असू शकतात, दोन्ही बघा. मग आधी विंडोजवरच सीमेकने बिल्ड करा. इथे जमलं की मगच लिनक्सकडे वळा, नाहीतर चूक बिल्डची की कोडची हे कळत नाही.

लिनक्सवर पहिला अडथळा बहुधा ‘फाइल सापडली नाही’ हाच. तिथे फाइलच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात. इन्क्लूडमध्ये बॅकस्लॅशही नको. फॉरवर्ड स्लॅश विंडोजलाही चालतो. शेल स्क्रिप्ट अडली तर ओळीच्या शेवटी सीआरएलएफ (ओळ संपवायची विंडोजची खूण) आहे का ते पाहा.

खरा त्रास बिल्ड झाल्यावर. ६४ बिट विंडोजवर ‘लाँग’ हा इंटीजर टाइप ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइटचा. असा ‘लाँग’ असलेला स्ट्रक्ट (एकत्र बांधलेल्या व्हेरिएबलचा गट) जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला असेल तर जुना डेटा चुकीचा वाचला जातो आणि कंपायलर अवाक्षर काढत नाही. तिथे ठरावीक आकाराचे, ३२ किंवा ६४ बिटचे इंटीजर टाइप वापरा.