दहा गुंठे घरच्या भातासाठी

रोहिणीचा पेरा तोंडावर आलाय. राधानगरी, भुदरगड, आजरा पट्ट्यात धूळवाफ पेरणीसाठी (पावसाआधी कोरड्या रानात) कुरी बाहेर निघाल्या असतील. वाण ठरवताना आपण गिऱ्हाईक बघतो, म्हणून इंद्रायणी. ती ठेवा. पण दहा गुंठे घरच्या चुलीसाठी काढून तिथे दाण्यात जस्त (झिंक) जास्त असलेला 'डीआरआर धान ४९' करून बघा. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा हा वाण २०१८ पासून महाराष्ट्रासाठीही शिफारशीत आहे. १२५ ते १३० दिवसांत येतो.

याच्या पॉलिश केलेल्या तांदळात किलोमागे सुमारे २५ मिलिग्रॅम जस्त असतं, नेहमीच्या वाणांत १२ ते १६. माणशी पाव किलो तांदूळ शिजवला तर सव्वासहा मिलिग्रॅम पोटात जातं, एरवी तीन-चार. कर्त्या पुरुषाची रोजची गरज १७ धरतात. जस्त कमी पडलं की पोरांची वाढ खुंटते, जुलाब वरचेवर होतात. ताट भरलेलं दिसतं, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही.

वाण बदलून काम संपत नाही. रानातच जस्त नसेल तर दाण्यात येणार कुठून? माती परीक्षणात जस्त ०.६ पीपीएमच्या (किलोभर मातीत ०.६ मिलिग्रॅमच्या) खाली आलं तर दहा गुंठ्यांना अडीच किलो झिंक सल्फेट शेणखतात कालवून शेवटच्या कुळवाच्या पाळीला द्या. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण त्या खतातला स्फुरद जस्ताला धरून बसतो. उगवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले, रोप खुजं राहिलं, तर तो खैरा, जस्ताच्या कमतरतेचा रोग.

दाण्यासाठी खरी कामाची फवारणी पुढे आहे. फुलोरा सरून दाण्यात दूध भरताना पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट, सोबत ३७ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी. उघडीप बघून, सकाळी दव सुकल्यावर मारा. आठवड्याने पुन्हा एकदा.

गिरणीत 'पांढराशुभ्र करून दे' म्हणू नका, कोंड्याबरोबर जस्तही जातं. (नाचणीची आंबील आंबवून करायची आपली रीत इथे उपयोगी पडते. धान्यातलं जस्त अडवून धरणारं फायटेट आंबवल्याने कमी होतं.)

वाण संकरित नाही. बियाणं एकदा खात्रीच्या ठिकाणाहून आणा, मग चांगल्या लोंब्या निवडून मळणीआधीच वेगळ्या बांधून ठेवा. पुढच्या रोहिणीला दुकानात जायला नको.