साटा मोड बदलल्यावर विंडोज सुरू होत नसेल तर फॉरमॅट करू नका

बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रणालीतील) साटा मोड, म्हणजे डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत, बदलल्यानंतर विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन त्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे उमटले, तर बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते आणि तिच्यावरील माहितीही जागच्या जागी असते. बेळगाव-खानापूर भागातील छापखान्यांचे आणि पतसंस्थांचे संगणक मी बरीच वर्षे दुरुस्त करतो आहे, आणि एवढ्याच कारणासाठी ‘फॉरमॅट मारा’ असा सल्ला मिळालेली माणसे मला अजूनही भेटतात. आमच्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या संगणकात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचे जमवलेले फॉन्ट आणि जुने मजकूर असतात. एका सेटिंगपायी त्या सर्वांवर पाणी सोडायला लावणे मला अक्षम्य वाटते.

विंडोज बसवताना जो मोड असेल, मग तो आयडीई असो, एएचसीआय असो वा रेड, त्याचाच ड्रायव्हर (डिस्क चालवणारा छोटा प्रोग्रॅम) सुरुवातीला घेण्याची नोंद केली जाते आणि ज्यांची गरज नाही ते बाजूला ठेवले जातात. मोड बदलला की योग्य ड्रायव्हर वेळेवर सुरू होत नाही आणि ज्या डिस्कवरून उठायचे तीच विंडोजला सापडत नाही. विंडोजची ‘स्टार्टअप रिपेअर’ ही दुरुस्तीची सोय पुन्हा पुन्हा चालवण्यात म्हणूनच वेळ घालवू नये.

प्रथम बायोसमध्ये जुना मोड परत लावावा. विंडोज सुरू होईल. दोन डिस्क जोडून खरोखरच रेड केलेले असेल तर येथेच थांबावे. एएचसीआय हवेच असेल तर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) तात्पुरते स्थगित करावे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. त्यानंतर ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूट या भागात ‘सेफ बूट’ व ‘मिनिमल’ निवडावे, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जावे, एएचसीआय लावावे आणि सेव्ह करावे. सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्या गोष्टींसह सुरू झालेले, विंडोज आवश्यक ड्रायव्हर सुरू करून घेते. मग सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट करावे.

हे सारे सोपे आहे, पण सेफ बूट निवडण्यापूर्वी खात्याचा पूर्ण पासवर्ड माहीत असल्याची खात्री केलीच पाहिजे. रोज चार अंकी पिन टाकून काम करणाऱ्याला पासवर्ड आठवत नाही, आणि सेफ मोडमध्ये पिन अनेकदा चालत नाही. खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत मी हे न विचारताच पुढे गेलो आणि लॉगिनच्या पडद्यावर अडकलो. घाबरून बायोसमध्ये जुना मोड लावला, तरी संगणक पुन्हा सेफ मोडमध्येच उठला, कारण ती नोंद बायोसमध्ये नसून विंडोजच्या बूट नोंदींत असते. बाहेर ठेवी काढायला आलेली माणसे बसली होती, आणि ती दुपार मी विसरलेलो नाही.

त्यातून सुटका झाली ती विंडोजच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून. तेथील कमांड प्रॉम्प्टवर ‘बीसीडीएडिट’ या बूट नोंदी बदलणाऱ्या कमांडच्या ‘डिलीटव्हॅल्यू’ने सेफबूटची नोंद काढता येते. मात्र तेथे ‘करंट’ऐवजी ‘डिफॉल्ट’ लिहावे लागते, कारण पेनड्राइव्हवरून उठलेल्या संगणकात डिस्कवरील विंडोज ही चालू प्रणाली नसते. पुष्कळ ठिकाणी ‘करंट’च लिहायला सांगतात, ते विंडोज चालू असतानाचे आहे, येथे उपयोगाचे नाही.

कोणी काहीच बदलले नसताना हाच निळा पडदा आला, तर संगणकाचे घड्याळ पाहावे. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरील ‘सीआर २०३२’ हा ३ व्होल्टचा सेल संपला असून बायोस मूळ सेटिंगवर गेले आहे असे समजावे. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या जुन्या संगणकांत मी हे वारंवार पाहिले आहे. सेल बदलावा, तारीख लावावी, पूर्वीचा साटा मोड निवडावा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.