काऊ आणि बीफ, शीप आणि मटन: ही गोष्ट सांगताना या चुका टाळा

इंग्रजी शिकवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गोठ्यात असते ती काऊ, मग ताटात बीफ कसं? पिगचं पोर्क, शीपचं मटन, काफचं वील, डिअरचं व्हेनिसन, असं का? उत्तरही तयार असतं. इंग्लंड फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी जिंकलं. जनावरं राखायचे गरीब सॅक्सन, म्हणजे तिथले इंग्रजी बोलणारे लोक, आणि खायचे श्रीमंत नॉर्मन. म्हणून गोठ्यातलं नाव इंग्रजी राहिलं आणि ताटातलं फ्रेंच झालं.

मीही वर्गात हे असंच सांगत आले. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग चिकनचं काय? नॉर्मन कोंबडी खात नव्हते का?" त्या प्रश्नामुळे मी ही गोष्ट नीट तपासली. तिचा गाभा खरा आहे, पण सांगताना बहुतेक जण त्याच त्याच चुका करतात.

चूक: सगळं 1066 मध्येच घडलं असं सांगणं

14 ऑक्टोबर 1066 रोजी हेस्टिंग्जची लढाई झाली आणि नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला. दरबार, जमिनी आणि चर्चमधली मोठी पदं फ्रेंच बोलणाऱ्यांकडे गेली, हे बरोबर. पण बीफ, मटन, पोर्क हे शब्द इंग्रजी लिखाणात दिसू लागतात ते साधारण 1300 च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर दोनशेहून जास्त वर्षांनी.

मधल्या काळात 1204 मध्ये नॉर्मंडी इंग्लंडच्या राजाच्या हातून गेली. सरदारांची मुलं-नातवंडं हळूहळू इंग्रजी बोलू लागली आणि येताना घरातले फ्रेंच शब्द सोबत घेऊन आली. जिंकणाऱ्याची भाषा जोरात होती तेव्हा हे शब्द इंग्रजीत फारसे उतरले नाहीत. ते मोठ्या संख्येने आले जिंकणारेच इंग्रजीकडे वळले तेव्हा. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण गोष्टीतली सगळ्यात रंजक जागा हीच आहे.

चूक: जनावराला एक शब्द आणि मांसाला दुसरा, ही वाटणी पहिल्या दिवसापासून होती असं मानणं

ही चूक सगळ्यात मोठी.

फ्रेंचमध्ये अशी वाटणी नाहीच. तिथे ब्यफ म्हणजे बैलही आणि त्याचं मांसही. मुतों म्हणजे मेंढीही आणि मेंढीचं मांसही. इंग्रजीत आल्यावरही हे शब्द कितीतरी शतकं दोन्ही अर्थांनी चालले. 1611 च्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये देवाला अर्पण करायच्या जनावरांत 'बीव्ह्ज' येतात. हे बीफचं जुनं अनेकवचन, आणि ती जिवंत जनावरं आहेत. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात शायलॉक हा सावकार माणसाच्या मांसाची तुलना 'मटन्स, बीफ्स ऑर गोट्स' यांच्या मांसाशी करतो. तिथेही मटन म्हणजे चार पायांवर उभी असलेली मेंढी. नॉर्मन येऊन पाचशे वर्षं उलटली तरी बीफ आणि मटन पूर्णपणे ताटात गेलेले नव्हते.

वाटणी हळूहळू पक्की होत गेली. 1653 मध्ये जॉन वॉलिस या गणितज्ञाने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. अनंताचं ते आडव्या आठासारखं चिन्ह आणणारा हाच वॉलिस. जनावरांची नावं जर्मन वळणाची आणि मांसाची फ्रेंच, हे त्याने त्या व्याकरणात नोंदवलं. पण ही गोष्ट घराघरांत पोहोचली ती 1819 च्या अखेरीस आलेल्या वॉल्टर स्कॉटच्या, बाराव्या शतकात घडणाऱ्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीमुळे. तिच्यात वाम्बा हा विदूषक गर्थ नावाच्या डुकरं राखणाऱ्याला समजावतो की डुक्कर सॅक्सन गुलामाच्या हाती असतं तोवर स्वाइन आणि सरदाराच्या मेजवानीला गेलं की पोर्क. प्रसंग अतिशय सुंदर लिहिलेला आहे, पण लढाईनंतर साडेसातशे वर्षांनी. तो बाराव्या शतकातला पुरावा म्हणून वापरू नका. स्कॉटचं नाव घेऊनच सांगा.

अशी वाटणी कुणाच्या हुकुमाशिवाय कशी होते, हे बघायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. माझी आजी म्हणायची, "आज कोंबडी केलीय." आज घरोघरी ऐकू येतं, "चिकन केलंय." पण अंगणात पळते ती अजून कोंबडीच, "चिकनने अंडं घातलं" असं कुणी म्हणत नाही. दावणीला बोकड, दुकानात मटण. मालवणी जेवणातले कोंबडी-वडे तेवढे जुनं नाव धरून आहेत. हॉटेलच्या पाट्या आणि मेनूकार्डांतून एक परका शब्द ताटापुरता मराठीत आला आणि तिथेच राहिला. हे उदाहरण दिलं की मुलांचे चेहरे उजळतात, कारण हा बदल त्यांनी घरात पाहिलेला असतो.

चूक: हा नियम सगळ्या प्राण्यांना लावणं

चिकन, डक, गोट, लॅम्ब, फिश यांची नावं ताटात बदलत नाहीत. सॅमन हा शब्द फ्रेंचमधून आलेला, तरी तो नदीतही सॅमनच आणि ताटातही सॅमनच. व्हेनिसनचं मूळ लॅटिनमधल्या 'शिकार करणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे, आणि एकेकाळी शिकारीच्या कुठल्याही मांसाला हा शब्द चाले. थोडक्यात, हा नियम मोजक्याच शब्दांपुरता खरा आहे. त्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य होता.

चूक: काऊ आणि बीफ यांचा काहीच संबंध नाही असं ठरवून टाकणं

दोन्ही शब्द मुळात एकाच प्राचीन इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या पूर्वज भाषेतल्या शब्दापासून निघालेत. एक जर्मन शाखेतून आला, दुसरा लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरून. संस्कृतमधला 'गो' त्याच कुळातला, म्हणजे आपली गायही यांची नातेवाईक! मेंढीसाठीचा इंग्रजी शब्द 'यू' असाच संस्कृत 'अवि'चा भाऊबंद आहे.

वाक्यात होणाऱ्या चुका

'काऊ मीट', 'पिग मीट' असं म्हटलं तर अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. बीफ आणि पोर्क म्हणा. 'आय लाइक चिकन' म्हणजे मला ते खायला आवडतं. 'आय लाइक चिकन्स' म्हणजे मला कोंबड्या आवडतात. 'आय एट अ लॅम्ब' म्हटलं तर अख्खं कोकरू फस्त केल्यासारखं होतं, 'अ' गाळा. शीप आणि डिअर अनेकवचनातही तसेच राहतात.

परदेशात दुकानात होणाऱ्या चुका

इथे चूक झाली तर ती थेट ताटात येते, म्हणून नव्याने परदेशी जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं. नाव हॅम्बर्ग शहरावरून आलं आणि आत बहुतेक वेळा बीफ असतं. ब्रिटनमध्ये नुसतं 'मिन्स' म्हटलं की बहुधा बीफचा खिमा मिळतो, आणि 'स्टेक' म्हटलं की बीफच गृहीत धरतात. बफेलो विंग्जचा म्हशीशी संबंध नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या नावाने ओळखले जाणारे ते कोंबडीचे पंख आहेत. स्वीटब्रेड हा पाव नाही, तो वासराच्या किंवा कोकराच्या शरीरातल्या ग्रंथींचा पदार्थ आहे. हॅम, बेकन, गॅमन हे सहसा डुकराचंच मांस. पाकिटावर लार्ड लिहिलं असेल तर ती डुकराची चरबी. सूएट म्हणजे गाई-बैलांच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगमध्ये ती घालतात, त्यामुळे गोड पदार्थ दिसला तरी विचारून घ्या.

राहिलं मटण. आपला शब्द इंग्रजी मटनवरूनच आला, पण वाटेत प्राणी बदलला. ब्रिटनमध्ये मटन म्हणजे मोठ्या वयाची मेंढी, साधारण दोन वर्षांपुढची. एक वर्षाच्या आतली ती लॅम्ब, मधली हॉगेट. आपल्याकडे नुसतं मटण म्हणजे बोकडाचं. पुणे भागात मेंढीचं हवं असेल तर 'बोल्हाईचं मटण' असं वेगळं सांगावं लागतं, कारण बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही. ब्रिटनमधल्या दुकानात मटन मागून घरी आणलं आणि रश्श्याला वेगळाच वास आला, तर दुकानदाराने फसवलेलं नसतं. मागितलं तेच त्याने दिलेलं असतं. बोकडाचं हवं असेल तर 'गोट' म्हणा. मोठ्या सुपरमार्केटात ते सहसा मिळत नाही. हलाल मांसाच्या किंवा कॅरिबियन लोकांच्या दुकानात बघा. अशा काही दुकानांत मात्र आपल्यासारखंच बोकडालाही मटन म्हणतात, म्हणून तोलायला सांगण्याआधी 'गोट ऑर शीप?' एवढं विचारून घ्या.