बीप वाजली म्हणजे वायर चांगली असं नाही

आयटीआय करून सांगलीत गॅरेजला लागलेल्या पोरांना इंजिन खोलायची हौस असते. वायरिंगच्या तक्रारीची दुचाकी आली की सगळे चहाला जातात. खरं तर या कामाला लागतं काय? साधा डिजिटल मल्टिमीटर, बल्बचा टेस्ट लॅम्प आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम.

आधी बॅटरी. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करूनच पुढचं बघा. इंजिन चालू करून थोडी रेस दिली की साधारण १३.५ ते १४.५ दिसायला पाहिजेत. कमी असतील तर स्टेटर कॉइल (इंजिनावर वीज तयार करणारी), आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) किंवा त्यांच्यामधला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, बघा. १५ च्या वर गेले तर संशय आधी आरआर युनिटवर.

नवशिके फसतात ते पुढे. वायर तुटली आहे का बघायला मीटर बीपवर लावतात, बीप वाजते आणि ‘वायर ओके’ म्हणून मोकळे होतात. वायरच्या आतल्या तारा तुटून एकच उरली, तरी बीप वाजतेच. पाटात कचरा अडकला की ओल दिसते, पण उसाला पाणी पोचत नाही, तसंच हे. म्हणून लोड चालू ठेवून मोजायचं. हॉर्न वाजत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं हॉर्नला येणाऱ्या वायरवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी करंट अडतोय. अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी, बाजूही अशीच तपासा, तिथे तर ०.२ च्या वर गेलं तरी मी बोल्ट काढून घासतो. माझ्या मते निम्म्या तक्रारी अर्थिंग आणि कपलरमध्येच मिटतात, नवा पार्ट लागतच नाही.

हँडल वळवताना लाइट मिणमिणत असेल तर हँडल जिथे वळतं त्या हेडजवळची वायरिंग बघा. तिथे वायर रोज वाकते, वरचं कव्हर शाबूत राहतं आणि आतली तार तुटते.

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन पुसून चालू झाल्या, पण कपलरमधल्या पिनांवर हिरवा गंज नंतर सावकाश चढत गेला. अशा गाडीचा प्रत्येक कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा टाकू नका, वायरिंग जळेल. तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटेल. मग एकेक कपलर सोडवत जा. ज्याला बल्ब मंदावला, शॉर्ट त्याच लाइनमध्ये. एलईडी पट्ट्या आणि बाहेरून बसवलेले हॉर्न आधी सोडवा, बऱ्याचदा चोर तिथेच सापडतो.

जॉइंट नुसता पीळ देऊन टेप मारू नका. सोल्डर करा, हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा, आणि जॉइंट वाकणाऱ्या जागी येऊ देऊ नका.

२०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिथे मीटरच. दुधाच्या कॅनसाठी कॅरिअर वेल्ड करायला गाडी आली, तर वेल्डरला थांबवून बॅटरी आणि ईसीयूचा कपलर आधी सोडवून घ्या.